हिरव्या सोफ्यावरची भरती

मित्रांनो, मी एक जुना हिरवा सोफा आहे. तीन माणसे ऐसपैस बसतील एवढा रुंद, पाठीला उंच आणि बसायला फार मऊ. आलेल्या माणसाला सुख द्यावे, एवढे एकच काम मला येते. ते मी आयुष्यभर मन लावून केले. तरीही आज मला माझ्या मऊपणाची लाज वाटते. असे का, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कॅनडातल्या किचनर गावचा. त्या काळी हे फर्निचरचे गाव होते. माझा सांगाडा मेपलच्या लाकडाचा. माझ्या स्प्रिंगा हिल्डा नावाच्या एका बाईने सुतळीने हाताने बांधल्या. ती सुतळी गुडघ्यावर ताणून गाठ मारायची आणि मग स्वतः बसून पाहायची. तिचे समाधान झाल्याशिवाय मला पुढच्या टेबलावर जाऊ देत नसे. पुढे स्वस्त माल बाहेरून येऊ लागला आणि आमचा कारखाना बंद पडला. हिल्डाचे काय झाले, मला माहीत नाही. तिने बांधलेल्या गाठी मात्र अजून सुटलेल्या नाहीत.

मला विकत घेतले पँटेलिस गालानिस यांनी. ग्रीसमधल्या एका खेड्यातून ते इथे आले होते आणि मोठ्या रस्त्यावर त्यांचे छोटे रेस्टॉरंट होते. मी त्यांची या देशातली पहिली नवी कोरी वस्तू. त्यांच्या बायकोने, स्टामाताने, मला घरात आणताक्षणीच पारदर्शक प्लास्टिकचे आवरण घातले. उन्हाळ्यात मुलांच्या मांड्या त्याला चिकटत आणि उठताना फाडल्यासारखा आवाज होई. ईस्टरला आणि पाद्री घरी येतील त्या दिवशीच ते निघायचे. पँटेलिस कामावरून आले की कांद्याचा आणि तळणाचा वास घेऊन माझ्यावर बसत, पाय कोमट पाण्यात सोडत आणि बसल्या बसल्याच झोपी जात.

त्यांची धाकटी मुलगी कॅलिओपी. घरी तिला पॉपी म्हणत. ती माझ्यावरच लहानाची मोठी झाली. आई वारली त्यानंतर एके दिवशी तिने माझे प्लास्टिक कात्रीने कापून काढले. पँटेलिस दारात उभे राहून बघत होते. नंतर येऊन त्यांनी माझ्या कापडावरून हात फिरवला, आणि बराच वेळ फिरवत राहिले.

पॉपी शिकली आणि एका विमा कंपनीत माणसे नेमण्याच्या खात्यात लागली. समोरचा माणूस बोलू लागला की ती सगळे विसरून त्याचे ऐकायची. त्यामुळे लोक तिच्याशी मोकळे होत. ऑफिसात तिला सगळे कॅली म्हणत. तिथेच तिची नेथन ब्रुबाकरशी ओळख झाली.

नेथन जवळच्याच एका शेतकरी कुटुंबातला. त्याची लव्हिनामावशी शनिवारच्या बाजारात लोणची आणि सफरचंदाचा मुरंबा विकायची. लोकांच्या खिशात रोख पैसे नसल्यामुळे तिची गिऱ्हाइके परत जात. नेथनच्या मनात आले की बाजारातल्या अशा छोट्या विक्रेत्यांना इंटरनेटवरून पैसे घेता आले पाहिजेत, अगदी सोपेपणाने आणि थोडक्या खर्चात. त्याने नोकरी सोडली, गाडी विकली आणि कंपनी काढली. नाव ठेवले कॉपरजे. कॅलीनेही नोकरी सोडली आणि ती त्याची भागीदार झाली.

बटणांच्या एका जुन्या कारखान्याची विटांची इमारत आता ऑफिसांना भाड्याने देत होते. तिथे तिसऱ्या मजल्यावर त्यांनी एक खोली घेतली. फर्निचर घ्यायला पैसे नव्हते, म्हणून कॅलीने वडिलांकडून मला मागून नेले. मला आनंद झाला. पँटेलिस थकले होते आणि जास्त वेळ पलंगावरच असत. मला पुन्हा माणसे हवी होती.

माणसे आलीही. पण ती कशी आली, ते ऐका.

जमवलेले पैसे भाड्यात, वकिलात आणि बँकेच्या फीमध्ये संपले. कंपनीचे सॉफ्टवेअर लिहायला इंजिनिअर हवे होते आणि त्यांना द्यायला काही नव्हते. नेथन डोके धरून बसला होता. कॅली म्हणाली, माणसे मी आणते.

गावातल्या ग्रंथालयात दर आठवड्याला परदेशातून नव्याने आलेल्यांची एक बैठक भरे. नोकरी कशी शोधावी ते तिथे शिकवत. डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर, सगळे तिथे येऊन बसत. प्रत्येकाला मुलाखतीत तोच प्रश्न विचारला गेलेला असे: इथला अनुभव आहे का? आणि इथला अनुभव मिळवायला इथे कोणीतरी आधी कामावर घ्यायला हवे. कॅली त्या बैठकीला जाऊन मागच्या रांगेत बसू लागली. ज्याचे बोलणे ऐकून तिला वाटे की हा हुशार आहे, त्याला ती कॉफीला बोलवी.

ती त्यांना माझ्यावर बसवायची आणि स्वतः समोर लाकडी स्टुलावर बसायची. वडिलांच्या रेस्टॉरंटमधली लोण्याची बिस्किटे पुढे ठेवायची. आधी त्यांचे सगळे ऐकून घ्यायची, अगदी मनापासून. इतके महिने त्या माणसांचे कोणी ऐकलेलेच नसे. मग ती सांगायची की पगार आत्ता देता येणार नाही. पण इथला अनुभव मिळेल, शिफारसपत्र मिळेल, आणि कंपनीचा एक हिस्सा मिळेल. कंपनी मोठी झाली की तो हिस्साही मोठा होईल.

सुरुवातीला प्रत्येकजण माझ्या कडेवर ताठ बसलेला असे. बोलणे पुढे जाई तसतसा तो मागे सरके. शेवटी पाठ टेकून सैल श्वास सोडे. तो श्वास मला जाणवायचा आणि समोर बसलेल्या कॅलीला दिसायचा. एकदा तिने हसत नेथनला सांगितले, "पाठ टेकली की माणूस आपला." नेथनही हसला. मी तेव्हा ते कौतुकच समजलो होतो.

दोघांबद्दल सांगायला हवे.

इफेओमा नायजेरियातून आलेली तिशीतली इंजिनिअर होती. ती आली ती सरळ पाय वर घेऊनच बसली, तीन बिस्किटे खाल्ली आणि विचारले, "हिस्सा देणार म्हणता, त्याचा कागद कुठे आहे?" कॅलीने सांगितले की वकिलाकडे आहे, लवकरच येईल. इफेओमा म्हणाली, ठीक आहे, थोडे दिवस वाट पाहते.

दुसरे अन्सेल्मो किंतेरो. वय पन्नाशीच्या पुढे. व्हेनेझुएलामध्ये एका मोठ्या बँकेत त्यांनी अर्धे आयुष्य काम केले होते. दिवसभरातल्या सगळ्या व्यवहारांचा संध्याकाळी मेळ घालणारी यंत्रणा त्यांनी उभारली होती. इथे ते गावाबाहेरच्या एका गोदामात सकाळच्या पाळीत खोकी भरत. त्यांची बायको बेल्किस एका हॉटेलात खोल्या साफ करत असे. अन्सेल्मो कोट घालून आले होते. मांडीवर फाइल ठेवून ते अगदी कडेला बसले.

"किती दिवस?" त्यांनी विचारले.

"तीन महिने," कॅली म्हणाली. "फार तर चार. मग पगार सुरू. आणि त्यानंतर तुम्हाला कोणी विचारणार नाही की इथे कुठे काम केलंत म्हणून."

अन्सेल्मोंनी फाइल बाजूला ठेवली आणि पाठ टेकली.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस खरोखर चांगले होते, हेही मला सांगितले पाहिजे. अन्सेल्मो गोदामातली पाळी संपवून दुपारी येत, बूट काढून नीट जोडून ठेवत आणि माझ्यावर थोडा डोळा लावत. मग उठून संध्याकाळपर्यंत काम करत. लव्हिनामावशीच्या एका गिऱ्हाइकाने एकदा लोणच्याची एक बरणी घेतली आणि मध्येच इंटरनेट गेले. पैसे दोनदा कापले गेले. मावशीने फोनवर नेथनला चांगलेच फैलावर घेतले. अन्सेल्मोंनी ते सगळे मुळापासून पुन्हा लिहिले. त्यानंतर तसे कधी झाले नाही. कॉपरजे वापरायला बाजारातले मधवाले आले, पाववाले आले, दोन चर्च आली, मुलांचा एक हॉकी क्लब आला. नेथन सगळ्यांसमोर म्हणायचा की अन्सेल्मो नसते तर आपण कुठेच नसतो. कॅली त्यांच्यासाठी बिस्किटे राखून ठेवायची. कौतुक रोज व्हायचे. त्याला पैसे पडत नाहीत.

चार महिने उलटले. पगार पुढच्या महिन्यावर गेला, मग त्याच्या पुढच्या. हिस्स्याचा कागदही आला नाही.

एके दिवशी इफेओमा माझ्यावर येऊन बसली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "कॅली, तुमच्या वकिलाची तब्येत बरी आहे ना? इतके महिने झाले, त्यांच्याच्यानं दोन पानं होत नाहीत. काळजी वाटते हो."

कॅली हसली, पण तिचे कान लाल झाले. इफेओमाने लॅपटॉप बॅगेत घातला. जाताना ती अन्सेल्मोंजवळ थांबली आणि त्यांना म्हणाली की तुम्हीही चला, हे लोक वाईट नाहीत, पण आपल्याला देणारही नाहीत. अन्सेल्मो म्हणाले की हातात घेतलेले काम अर्धवट टाकायची त्यांना सवय नाही. इफेओमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती गेली. तिला लवकरच कॅल्गरीत चांगली नोकरी लागल्याचे पुढे कळले.

आता ती दुपार. ती आठवली की आजही माझ्या स्प्रिंगा कुरकुरतात.

अन्सेल्मो त्या दिवशी आले ते आत येतानाच हसत होते. त्यांना तसे हसताना मी आधी पाहिले नव्हते. शेजारच्या गावातल्या एका छोट्या सहकारी बँकेने त्यांना नोकरी देऊ केली होती. पद जुन्या पदापेक्षा खालचे होते, पण पगार ठरलेला होता, आणि बेल्किसच्या दातांचा खर्चही त्यात बसणार होता. ती कित्येक महिने एका बाजूनेच चावत होती. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. मुलाखतीत त्यांनी कॉपरजेमधले काम दाखवले आणि त्याच जोरावर हे जमले, असे सांगून त्यांनी कॅलीचे दोन्ही हात हातात घेतले आणि आभार मानले.

कॅलीने त्यांचे अभिनंदन केले. मग ती नेथनकडे गेली. नेथनचा चेहरा उतरला होता. पुढच्याच आठवड्यात टोरांटोहून एक गुंतवणूकदार येणार होता, आणि सगळे काम ज्याच्या डोक्यात आहे तो माणूसच त्याला भेटला नाही, तर तो पैसे कशाला घालेल? दोघे खिडकीपाशी हळू आवाजात बोलत राहिले. शेवटी कॅली म्हणाली, मी बोलते.

तिने अन्सेल्मोंना माझ्यावर बसवले. या वेळी ती स्टुलावर बसली नाही. त्यांच्या शेजारी माझ्यावरच बसली.

"अन्सेल्मो, तुम्हाला एक सांगू? ती नोकरी तुमच्या मानाची नाही," ती म्हणाली. "तिकडे तुम्ही वीस माणसांतले एक असणार. इथे तुम्ही सगळ्या इंजिनिअरांचे प्रमुख असाल. गुंतवणूक झालीच आहे म्हणा. महिन्याभरात पगार सुरू होईल, त्यांच्यापेक्षा जास्त."

"झालीच आहे?" अन्सेल्मोंनी विचारले.

"जवळजवळ."

"कॅली, बेल्किसला मी काय सांगू?"

"सांगा, की एवढं सगळं तुम्ही दुसऱ्यासाठी सोडून जायला बांधलेलं नाही."

त्यांनी बायकोला फोन केला आणि त्यांच्या भाषेत हळूहळू बोलले. पलीकडून एक प्रश्न आला, त्याला त्यांनी थोडक्यात उत्तर दिले. मग एकच छोटा शब्द आला. अन्सेल्मोंनी फोन खिशात ठेवला आणि पाठ टेकली.

मित्रांनो, माझी एखादी स्प्रिंग त्या क्षणी तुटून त्यांना टोचली असती तर किती बरे झाले असते. ते दचकून उठले असते. उठलेला माणूस दोन पावले चालतो, खिडकीबाहेर बघतो, पुन्हा विचार करतो. पण हिल्डाच्या गाठी पक्क्या होत्या. मी नेहमीप्रमाणे त्यांना सावरून धरले.

गुंतवणूकदार आला. अन्सेल्मोंनी त्याला सगळे समजावून दिले. तो माणूस खूश झाला, त्याने त्यांचा हात जोरात हलवला आणि तो टोरांटोला परत गेला. काही आठवड्यांनी त्याचे उत्तर आले. काम छान आहे, पण बाजार फारच लहान आहे. पैसे तो घालणार नव्हता.

अन्सेल्मोंनी त्या सहकारी बँकेला पुन्हा फोन केला. ती जागा भरली होती.

ते तरीही येत राहिले. दुसरे कुठे जायचे? गोदामातली खोकी भरायची आणि दुपारी इथे यायचे. आता बूट काढून ते माझ्यावर पडत, पण त्यांना झोप लागत नसे. डोळे मिटून नुसते पडून राहत. शेजारून कॅली पाय न वाजवता जाई. तिला वाटे ते झोपलेत. मला माहीत होते.

वसंतात ग्रीक ईस्टर आला आणि त्यानंतरच्या सोमवारी पँटेलिस मुलीचे ऑफिस बघायला आले. हातात भाजलेल्या कोकराच्या मांसाचे आणि बटाट्यांचे मोठे ताट होते. लिफ्टमधून येऊनही त्यांना दम लागला होता. ते माझ्यावर बसले. त्यांचे वजन आता फार कमी झाले होते. शेजारी अन्सेल्मो होते. पँटेलिसनी स्वतःच्या हाताने त्यांची बशी भरली आणि दोघे आपापल्या देशातल्या ईस्टरच्या गोष्टी बोलू लागले. इंग्रजी दोघांचीही मोडकी असल्यामुळे ती एकमेकांना चांगली कळत होती. मग जसा एखादा दुकानदार दुसऱ्याच्या दुकानातल्या माणसाला सहज विचारतो, तसे पँटेलिसनी विचारले, "पगार वेळेवर देतात ना ही मुलं?"

अन्सेल्मोंचा घास हातातच राहिला. "पगार नाही. हिस्सा आहे."

"कशाचा हिस्सा?"

"बाबा," कॅली म्हणाली, "नव्या कंपन्यांमध्ये असंच असतं."

नेथन पुढे आला. "काका, मी पण एक पैसा घेत नाही. गाडी विकली मी."

"तू घेत नाहीस, कारण दुकान तुझं आहे," पँटेलिस म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. "चाललं तर तुझं चालेल. ह्यांचं काय चालेल?"

पँटेलिस मुलीकडे वळले आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली. मी इतकी वर्षे त्यांच्या घरात होतो, पण ती मीही ऐकलेली नव्हती. ते या देशात आले तेव्हा टोरांटोमध्ये एका नातेवाइकाच्या रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायला लागले. नातेवाईक म्हणाला, आधी काम शीक, मग पैशांचं बघू. हिवाळा संपला तरी त्यांचे शिकणे चालूच होते.

"भांडी घासायला शिकायला किती दिवस लागतात, पॉपी?" त्यांनी विचारले. "मला पहिल्याच दिवशी येत होती. त्यालाही ते माहीत होतं. तुझ्या आईला मी हे कधी सांगितलं नाही. मला लाज वाटायची. बघ, फसवलं त्यानं आणि लाज मला."

मग ते उठले, उरलेले सगळे जेवण त्यांनी अन्सेल्मोंच्या बायकोसाठी डब्यात बांधून दिले आणि ते घरी गेले.

नेथन फोन करायचा आहे म्हणून बाहेर गेला. कॅली माझ्यावर येऊन बसली, जिथे ती इतरांना बसवायची तिथेच. माझ्या अगदी कडेवर. मी होतो तेवढाच मऊ होतो, पण तिला पाठ टेकता आली नाही.

"अन्सेल्मो, त्या दिवशी मी म्हणाले ना, गुंतवणूक झालीच आहे," ती म्हणाली. "झाली नव्हती. त्या माणसानं फक्त येतो म्हटलं होतं. मला माहीत होतं. तुम्ही जाऊ नये म्हणून मी तसं बोलले."

अन्सेल्मो तिच्याकडे वळले. "बेल्किस फोनवर काय म्हणाली होती, माहीत आहे? ती म्हणाली, ह्यांच्यावर भरवसा ठेवायचा का? मी म्हटलं, कॅली खोटं बोलणार नाही."

कॅलीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. अन्सेल्मो उठले, बूट घातले, नाड्या बांधल्या. जेवणाचा डबा त्यांनी उचलला, जरा घुटमळले, मग तो नेलाच. म्हाताऱ्याने प्रेमाने दिला होता.

त्यानंतर अन्सेल्मो आले नाहीत.

दरम्यान एका मोठ्या कंपनीने कॉपरजेचे सॉफ्टवेअर विकत घेण्याची तयारी दाखवली. किंमत फार नव्हती, पण कंपनीसाठी काढलेले नेथनचे कर्ज फिटून थोडे हातात राहिले असते. अन्सेल्मोंना काय द्यायचे, असे कॅलीने विचारले. नेथन म्हणाला की कागदच नाहीत, तेव्हा देणे असे काही नाहीच. एखादी छान भेट पाठवू. तो वाईट माणूस नव्हता. तो इतका थकला होता की त्याला स्वतःच्या पलीकडचे काही दिसत नव्हते.

कॅलीने सांगितले की ती अन्सेल्मोंना सरकारच्या कामगार खात्याकडे जायला सांगणार आहे. कागद असो वा नसो, करून घेतलेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात, हे ती विमा कंपनीत असतानाच शिकली होती. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होते. माणसे माझ्यावर बसवताना, बिस्किटे पुढे करताना, तिला ते माहीत होते.

"कंपनी बुडेल," नेथन म्हणाला. "कॅली, तू नक्की कोणाच्या बाजूची आहेस?"

"भरती मी केली," ती म्हणाली. "साक्ष पण मीच देणार."

तिने तसे केले. ज्यांना ज्यांना तिने माझ्यावर बसवले होते, त्या सगळ्यांना तिने फोन केले. काहींनी उचलले, काहींनी नाही. इफेओमाने उचलला आणि म्हणाली, वकील बरा झाला का? मग थोडे थांबून तिने तक्रारीत आपलेही नाव घालायला सांगितले. कामगार खात्यातर्फे चौकशी करणाऱ्या बाईंसमोर कॅलीने कोण किती महिने राबले, त्यांना काय सांगितले होते, आणि त्यातले किती खरे नव्हते, ते सगळे सांगितले. निकाल कामगारांच्या बाजूने लागला. सॉफ्टवेअर विकून आलेले पैसे त्यातच गेले, आणि कमी पडले ते कॅलीने आपल्या साठवलेल्या पैशांतून भरले. नेथन पुन्हा नोकरीला लागला. तो तिच्याशी बोलत नाही. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांना छोटे विक्रेते नको होते, त्यामुळे लव्हिनामावशी आता पुन्हा पत्र्याच्या डब्यात रोख पैसे घेते.

खोली रिकामी करायच्या दिवशी अन्सेल्मो आपला कॉफीचा कप आणि कीबोर्ड न्यायला आले. कॅली एकटीच होती. तिने तो कप धुऊन कागदात गुंडाळून ठेवला होता. तिने त्यांना विचारले की हा सोफा तुम्हाला हवा का. त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझी छाती धडधडली, म्हणजे असती तर धडधडली असती.

"नको," ते म्हणाले. "बेल्किस विचारेल, कुठून आणला."

कॅली रडू लागली. तिने माफी मागितली. अन्सेल्मो उभेच राहिले. शेवटी ते म्हणाले, "मी आता म्हणावं, असू दे, झालं ते झालं. तुम्हाला तेच हवं आहे. पैसे मिळाले. ते माझेच होते. तुम्ही खरं बोललात, त्यासाठी तुम्हाला किंमत मोजावी लागली, तेही मला दिसतंय. पण ती नोकरी परत येणार नाही, आणि माझं वय काही तिशीचं नाही. राग धरून ठेवणारा माणूस मी नाही, कॅली. पण तो जायला वेळ लागेल. तोवर थांबा. मला घाई करू नका."

"नाही करणार," ती म्हणाली.

त्यांनी कप कोटाच्या खिशात घातला, कीबोर्ड काखेत धरला आणि ते गेले. ती खिडकीतून बघत राहिली. ते बसथांब्यावर उभे राहिलेले दिसले आणि मग बस आली.

मी पुन्हा पँटेलिसच्या घरी आलो. अन्सेल्मो आता शाळांचे संगणक दुरुस्त करणाऱ्या खात्यात आहेत, असे कानावर आले. त्यांना येते त्याच्या मानाने ते काम लहानच आहे, पण पगार दर पंधरा दिवसांनी होतो आणि बेल्किसचे दात नीट झाले. कॅलीने अजून त्यांना फोन केलेला नाही. फोन हातात घेऊन ती माझ्यावर बसते आणि काही वेळाने खाली ठेवते. ती आता दुसऱ्या एका कंपनीत माणसे नेमते. घरून कोणाशी फोनवर बोलते तेव्हा नमस्कारानंतर आधी पगाराचा आकडा सांगते, मग बाकीचे. पलीकडचे लोक कधी कधी गोंधळतात. संध्याकाळी ती वडिलांचे पाय कोमट पाण्यात सोडते आणि त्यांच्याजवळ बसते. दोघे त्या विषयावर बोलत नाहीत.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपल्याला जपा म्हणून विनवतात. मीही विनवले असते. माझ्या एका कोपऱ्याचे कापड विरले आहे आणि पुढचा एक पाय डुगडुगतो. पण माझे तेवढे काही नाही. उद्या मला या घरातून काढतील तेव्हा गावातल्या रिवाजाप्रमाणे फुटपाथवर ठेवतील आणि वर कागद चिकटवतील: 'फुकट. हवा त्याने न्यावा.' तुम्ही मला खुशाल उचलून न्या, बसा, लोळा, मला वाईट वाटणार नाही. वस्तूचे तसे होते. माणसाच्या दिवसांवर मात्र असा कागद कोणीही चिकटवलेला नसतो. कधी तुमच्यासमोर एखादा थकलेला, गरजू माणूस येऊन बसेल, तुमच्या गोड बोलण्याने सैल होईल आणि पाठ टेकेल. त्या क्षणी तो तुमच्यावर विसंबलेला असतो. तेव्हा त्याला खरे तेच सांगा, मग त्याला उठून जावेसे वाटले तरी चालेल.